पंचवीस बोअरच्या दहा गोळ्या

मळ्यातनं, ११ जून १९९६

सयाजी,

वर 'अनेक आशीर्वाद' लिवायला पेन टेकवलं आन उचललं. थोरली भन हाय मी तुझी, पर आशीर्वाद काय मनातनं येईना. खोटा कशाला लिवू?

काल सांजच्याला तुझं दाजी हसत घरात आलं. ते हसत आलं की मला धडकीच भरती. खिशातनं एक डबी काढली, चहाच्या कपाशेजारी ठिवली आन म्हणालं, "बघ, तुझ्या भावानं दिल्यात. पुण्या-मुंबईत मिळंनात, सयाजीनं मिळवल्या. मेव्हणा असावा तर असा." उघडून बघितलं तर पंचवीस बोअरच्या दहा गोळ्या. करंगळीच्या पेराएवढ्या. त्यांच्या त्या खिशातल्या पिस्तुलाच्या.

सयाजी, एप्रिलात मी राजारामपुरीत तुझ्या बंदुकीच्या दुकानात आलती का न्हाई? तू गल्ल्यावर हुतास. गिऱ्हाइक गेल्यावर मी पदर बाजूला करून हनुवटीखालचा वळ दाखवला का न्हाई? पांढरा रस्सा फुटला म्हणून त्या माणसानं पावण्यांच्या देखत पिस्तुलाची नळी हितं लावली, आन पावणं खाली मान घालून भाकरी मोडत बसलं. हे तुला सांगितलं का न्हाई?

मी तुझ्याकडं काय मागितलं रं? भांडायला ये म्हणाली न्हाई. पोलिसात चल म्हणाली न्हाई. एवढंच म्हणाली की, बाबा, त्यांच्याकडं सासऱ्यांच्या वक्ताच्या दोनच गोळ्या ऱ्हायल्यात, त्याबी हिरव्या पडल्यात. ह्या बोअरची गोळी आपल्या देशात कोण करत न्हाई, खडकीच्या सरकारी कारखान्यात बत्तीसची हुती, पंचवीसची न्हाई. बाहेरनं यायची बंद झालीया. आपसूक संपत आलंय. तू फकस्त मान हलवायची आन म्हणायचं, "दाजी, न्हाई मिळत." सगळ्या महाराष्ट्रातलं दुकानदार हेच म्हणत्यात. त्येला काय छाती लागती?

तू माझ्या डोक्यावर हात ठिवलास. "आक्का, आण्णांची शपथ" म्हणालास. आपल्या मेलेल्या बापाची शपथ घेतलीस, त्येच्याच दुकानात उभं ऱ्हाऊन.

आन दोन महिन्यात मिरजंचा कोण म्हातारा डॉक्टर मेला, त्येच्या पोरांनी त्येचं पिस्तूल आन उरलेल्या गोळ्या कायद्यापरमानं तुझ्याकडं जमा केल्या. कुणाला पत्ता न्हवता. तूच सोताहून फोन केलास. का, ते बी कळलंय मला. साखर कारखान्याच्या वॉचमन लोकांच्या बारा बोअरच्या बंदुका आन काडतुसं औंदापासनं तुझ्याकडनं घ्यायची, असं संचालक मंडळात ठरलंय. आन संचालक कोण, तर तुझं दाजी.

फोनवर मला काय म्हणालास? "आक्का, लायसन हाय, कोट्यात बसतंय, रजिस्टरला नोंद हाय. मी न्हाई कसं म्हणू?" एवढ्या दहा-बारा शब्दांत तू मला इकलीस.

पंचमीला मी माहेरी येणार न्हाई. न्यायला गाडी धाडू नगंस.

आक्का

—

मळ्यातनं, २६ ऑक्टोबर १९९६

सयाजी,

दसऱ्याची साडी पोचली. म्हशीच्या पाठीवर टाकली, पहाटंचा गारठा पडाय लागलाय.

तू चिठ्ठीत इचारलंयस, दाजी खूश हायत का. लई खूश हायत. तुझ्या गोळ्या मिळाल्यापासनं मिशीला तूप लावून हिंडत्यात. ह्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा मीच मांडली. सासूबाई असतानाबी झाली नसंल अशी केली. तलवार, बारा बोअर, पिस्तूल, आन तुझ्या दहा गोळ्या. दाजींनी येईल त्या पावण्याला बोलवून दाखवली. म्हणालं, "बंदूकवाल्याची लेक हाय, हिला शिकवावं लागत न्हाई."

एवढं कौतुक लगीन झाल्यापासनं केलं न्हवतं. मला हसू आलं. तुला सांगून काय उपेग न्हाई.

परत साडी धाडू नगंस.

आक्का

—

मळ्यातनं, १९ सप्टेंबर १९९९

सयाजी,

तीन वर्सं पत्र न्हाई लिवलं. आज लिवती कारण घरात पिस्तूल न्हाई. इलेक्शन लागल्यापासनं ठाण्यात जमा हाय. महिना झाला, मी सरळ पाय पसरून झोपती. भाजीत मीठ बघून घालत न्हाई, हाताला येईल तेवढं घालती.

तू हत्यारं इकतोस, पर त्येचा उपेग तुला ठाऊक न्हाई. मी सांगती. तीन वर्सांत त्यांनी एकबी गोळी उडवली न्हाई. लग्नात, वरातीत बारा बोअर उडवत्यात, धडाधड. पर पंचवीसची गोळी बाहेर काढायची न्हाई. संपली तर कुठनं आणायची? आन उडवायची गरज पडती कुठं? वाटणीच्या दिवशी धाकट्या दिरापुढं पिस्तूल टेबलावर ठिवलं, वर चष्म्याचं घर ठिवलं. दिरानं सही केली. माझ्या लेकीनं, प्रियानं, बारावीनंतर सायन्सला जायचं म्हटलं, तवा पिस्तूल काढून पुसत बसलं, एक शब्द बोललं न्हाईत. पोरगीनं सोताच अर्ज फाडला, आन वारणानगरला बीएला गेली. गोळी उडली की संपली बग, सयाजी. न उडवलेली गोळी जन्मभर पुरती. तू दहा दिल्यास. दहा जन्म पुरतील.

आता एक गंमत सांगती. परवा मीच त्यांना म्हणाली, निकाल लागल्या लागल्या पिस्तूल आन गोळ्या सोडवून आणा, घट बसायच्या आत घरात पायजेत, पूजा चुकवायची न्हाई. ते बगतच ऱ्हायलं. म्हणालं, "आता खरी पाटलीण शोभतीस." मी म्हटलं, व्हय की, शिकती हळूहळू.

तुला वाटंल आक्का निवळली. वाटू दे.

आक्का

—

मळ्यातनं, १८ फेब्रुवारी २००३

सयाजी,

हे पत्र गड्याच्या हातनं धाडती, पोस्टानं न्हाई. वाचून फाडून टाक.

प्रियानं लगीन केलं, हे तुला ठाऊकच हाय. राजारामपुरीत ज्या शिकवणीत ती मराठी शिकवती, तिथंच गणित शिकवणारा बसवेश. लिंगायत हाय, उचगावचा. बाप न्हाई, आई रत्नव्वा. पोरगं सालस हाय, चहात साखर किती हे बी तिला इचारून घालतंय. मी दोनदा चोरून भेटून आली.

साक्षीदार म्हणून सही करायला पोरीनं तुला बोलावलं. मामा म्हणून. तू व्हय म्हणालास, आन त्या सकाळी दुकानात तपासणी हाय म्हणून निरोप धाडलास. रिक्षावाल्यानं सही केली मग. त्येचं नाव जोतीराम. तुझ्यापरीस त्येचं उपकार मानती मी.

तुझं दाजी आठ दिवस जेवलं न्हाईत. बोलत बी न्हाईत. पिस्तूल पुसत न्हाईत, नुसतं खिशात घालून हिंडत्यात. मला ह्येचंच भ्या वाटतंय. पुसत बसलं की समजायचं, भ्या दाखवायचं हाय. आता तसं न्हाई.

त्यांना उचगाव ठाऊक हाय, घर ठाऊक न्हाई. तुला ठाऊक हाय, कारण पोरीनं पत्रिकेऐवजी तुला पत्ता लिवून दिलाय. ते तुझ्याकडं येतील. सयाजी, तुझ्या पाया पडती. थोरली असून पडती. "ठाऊक न्हाई" एवढं म्हण. मागं न्हाई म्हणाला न्हाईस ते ऱ्हाऊ दे, एवढं एकदा म्हण.

आक्का

—

उचगाव, ९ मार्च २००३

सयाजी,

पत्ता तू दिलास.

इचारायचं कारणच न्हाई, कारण त्यांच्या हातात चिठ्ठी हुती आन अक्षर तुझं हुतं. 'गणपती मंदिरामागं, निळं दार.' दाराचा रंगबी लिवून दिलास व्हय रं?

पाच तारखेला दुपारी त्यांनी मला जीपमधी घातलं. उचगावात निळ्या दारापुढं गाडी थांबवली. दार कसं उघडलं ते इचारू नगंस. उघडलं. प्रिया दारात उभी, हाताला पीठ. मागं बसवेश, वही-पेन घिऊन. ह्या माणसानं पिस्तूल काढलं आन पोरीच्या छातीवर धरलं. पोटच्या पोरीच्या. आन चाप वढला.

टिक.

दुसरं काय न्हाई. नुसतं टिक. त्यांनी वरचा पत्रा मागं वढला, गोळी टुणकन खाली पडली, शहाबादी फरशीवर गडगडत गेली. परत चाप. टिक. परत पत्रा, परत गोळी खाली. परत टिक. तंवर बसवेशनं पोरीला आत खेचलं. ह्या माणसाचं तोंड बघायला पायजे हुतंस तू. बाजारात धोतर सुटल्यावर हुतं तसं.

आन मग आतनं रत्नव्वा आली, हात पुसत. तिचं मराठी कानडी वळणाचं, निपाणीकडली हाय. तिनं टिकटिक ऐकली, हातातलं ते बारकं पिस्तूल बघितलं आन म्हणाली, "यवा पावणं, बसा की. ग्यास पेटवायचं लायटर घिऊन आलायसा व्हय? आमच्याकडं हाय की वं!"

सयाजी, अख्खी गल्ली गोळा झालती. आधी एक बाई हसली. मग तिची जाऊ. मग समदी. तीस वर्सं ज्या माणसापुढं कुणी खोकलं न्हाई, त्येच्या तोंडावर उचगावच्या बायका पदर लावून हसत हुत्या. ते जीपमधी बसलं, तर जीपबी लवकर चालू हुईना. पोरं ढकलाय लागली, "लायटर लावून बघा की, काका!" म्हणत.

मी जीपमधी परत चढली न्हाई. तिथंच ऱ्हायली. आता इथंच हाय.

पोलिसात जायला पोरगी तयार न्हाई. बाप हाय म्हणती. मी म्हटलं, नगं जाऊस. कारखान्यावर बातमी त्येच्या आधी पोचलीया. 'लायटरवालं संचालक' म्हणत्यात. पॅनेलमधनं नाव कापलं. पानपट्टीवर गेलं की लोकं इडी पुढं करत्यात, पेटवा म्हणून. जेलात घातलं असतं तर हार घालून बाहेर आणलं असतं लोकांनी. ह्येच्यातनं कोण बाहेर आणायचं?

तुझा माल मात्र फुसका निघाला बग.

आक्का

—

उचगाव, २९ जुलै २००३

सयाजी,

तुझी तीन पत्रं आली. पहिली दोन मी न फोडता चुलीत घातली. तिसरं रत्नव्वानं फोडून माझ्या हातात दिलं, म्हणाली, भाऊ हाय तो, वाच.

तर त्या माणसानं तुझ्यावर तक्रार केलीया. पोरीवर पिस्तूल धरलं हे लपवून, दसऱ्याला हवेत उडवताना गोळी चालली न्हाई, दुकानदारानं सडका माल गळ्यात मारला, असं लिवून दिलंय. गोळ्या तपासणीला गेल्या. तुझं रजिस्टर जप्त झालं, गिऱ्हाइक तुटलं, कारखान्याचं काम गेलं, आन येत्या चौदा तारखेच्या सुनावणीत लायसन जाणार. आण्णांनी चाळीस वर्सं चालवलेलं दुकान. "आक्का, दाजींना दोन शब्द सांग," म्हणून लिवलंयस. मी आता त्या घरात न्हाई, आन असती तरी सांगितलं नसतं. पर तुला खरं सांगायची येळ आलीया.

तुझा माल फुसका न्हवता. डॉक्टरानं गोळ्या नीट ठिवलत्या, तू बी नीट दिल्यास. मी मारल्या त्या.

आठवतंय, ल्हानपणी तू दुकानात गोळ्या चमकाव्यात म्हणून खोबरेल चोळत बसलतास? आण्णांनी तुझ्या पाठीत धपाटा घातला. म्हणालं, "गाढवा, बुडाला ही टोपी हाय न्हवं, हितनं तेल आत मुरलं की गोळी मुकी हुती." तू रडत घरी गेलास. मी तिथंच बसलती. मी ऐकलं.

तू गोळ्या दिल्यास त्या वर्षी घट बसले त्या दिशी मी त्या माणसाला म्हणाली, आमच्या माहेरात बंदूकवाल्यांच्यात रीत हाय, गोळ्या नऊ दिवस देवीपुढं तेलाच्या वाटीत ठिवायच्या, खंडेनवमीला पुसून हळद-कुंकू लावायचं, मग धार वाढती. अशी रीत जगात कुठं न्हाई. मी केली ती. वाटीत शिलाई मशीनचं तेल घातलं, ते लई पातळ, कुठंबी शिरतं. वर झेंडूचं फूल सोडलं. तो रोज सकाळी अंघोळ करून त्या वाटीला हात जोडायचा. सात नवरात्रं, सयाजी. सोताच्या गोळ्यांच्या मयताला सात वर्सं हात जोडत हुता, आन मी शेजारी बसून आरती म्हणत हुती. उडवून बघंल ह्येचं भ्या न्हवतं. दुसऱ्या मिळत न्हाईत, म्हणून बघणारच न्हाई, हे मला ठाऊक हुतं.

त्येनं तक्रार केली हे ऐकून मला पयल्यांदा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं, दोन कुत्री एका हाडानं मेली. तू बुडावास, आन त्येच्याच हातानं बुडावास, ह्येच्यापरीस गोड काय न्हाई. हे पत्र लिवायचंबी न्हाई असं ठरवलं हुतं.

मग तुझ्या पत्रातली ती ओळ वाचली. 'तपासणीत उरलेल्या सातपैकी सहा चालल्या न्हाईत, एक उडाली.'

एक उडाली.

मागल्या पत्रात मी तुला म्हटलं, दार कसं उघडलं ते इचारू नगंस. आता सांगती. त्या माणसाला ठाऊक हुतं, पोरगी त्येच्या आवाजाला दार उघडायची न्हाई. म्हणून मला नेलतं. दारापुढं उभं करून म्हणाला, "हाक मार." मी न्हाई म्हणू शकत हुती. "प्रिया, पळ" म्हणून वरडू शकत हुती, मागल्या दारानं गेली असती पोरगी. मला मारलं असतं फार तर. त्येचं काय एवढं मोठं न्हवतं.

मी हाक मारली. "प्रिया, मी आलीया गं, दार उघड." चांगल्या आवाजात मारली. कारण मला ते टिक ऐकायचं हुतं. गल्लीत, लोकांच्या देखत, त्येच्या पोरीच्या पुढं. सात वर्सं मी त्या एका आवाजासाठी तेल घालत हुती. तवा माझ्या मनात पोरगी न्हवतीच, सयाजी. तोच हुता नुसता.

आन दहातली एक जिवंत हुती. कुठली, कुणाला ठाऊक? चौथी असंल. त्येनं अजून एकदा पत्रा वढला असता तर? पयलीच असती तर? आता प्रिया हाताला पीठ लावून दारात आली की मला गरगरतंय. मी आत जाऊन बसती. रत्नव्वा लिंबू-पाणी करून देती. म्हणती, पित्तानं हुतंय.

पोरीला वाटतंय मला मारून-मुटकून हाक मारायला लावली. तिनं एकदा इचारलं, मी मान हलवली. ती माझ्या पायाला तेल चोळत बसली मग, रडत. तिला तिसरा म्हैना लागलाय.

तर हे असं हाय. हे पत्र माझ्या अक्षरात हाय, खाली माझी सही हाय. सुनावणीला दाखवलंस तर तू सुटतोस, दुकान वाचतंय. आन प्रियाला कळतंय की तिच्या आईनं तिला दारात कशी बोलावली. त्येच्यानंतर ती मला ह्या घरात ठिवायची न्हाई, आन ठिवू बी नये. न दाखवलंस तर माझं घर ऱ्हातंय आन आण्णांचं दुकान जातंय. तू एप्रिलात शपथ घिऊन जूनमधी गोळ्या दिल्यास, पोरीचा पत्ता दिलास, हे बी ह्यातच लिवलंय. फाडून अर्धं दाखवायचं म्हणशील तर तेलाचं, दाराचं आन तुझं, समदं एकाच पानावर हाय. मी मुद्दाम तसं लिवलंय. मी बी बंदूकवाल्याचीच लेक हाय, अर्धं काम करत न्हाई.

दाखवू नगंस असं मी म्हणणार न्हाई. पाया पडणार न्हाई. एकदा पडून झालं. दाखव असंबी म्हणणार न्हाई. मला वाटलं हुतं तुला ह्या कोंडीत घालून लई बरं वाटंल. रातभर वाट बघितली, वाटलं न्हाई.

चौदा तारखेला मी घरातच हाय. पळून जाणार न्हाई, आन तुला परत पत्रबी लिवणार न्हाई. तिथं सायेब इचारतील, तुमच्याकडं काय पुरावा हाय का? तवा तुला एकाला तरी न्हाई म्हणावंच लागंल, सयाजी. मला म्हण, न्हाईतर त्यास्नी म्हण. पर जन्मात एकदा सोताच्या तोंडानं म्हण.

तुझी भन,
आक्का